जोनी मिचेल: एकच गाणं, दोन वयं

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिने स्वतः लिहिलेलं ‘बोथ साइड्स नाऊ’ हे गाणं दोनदा ध्वनिमुद्रित केलं. त्यातलं २००० सालचं ध्वनिमुद्रण तिचा आवाज बसल्यानंतरचं आहे, म्हणून दुय्यम, असं म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. १९६९च्या ‘क्लाउड्स’ या अल्बममध्ये हे गाणं पहिल्यांदा गाताना जोनी पंचविशीची होती. आवाज पातळ, उंच, सोबतीला गिटार. ढग, प्रेम आणि मग आयुष्य, अशी तीन कडवी. आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहिलं, तरी कळलं नाही, हे त्या वयात म्हणणं म्हणजे अंदाज होता, विलक्षण अंदाज. छप्पन्नाव्या वर्षी ती तेच शब्द वाद्यवृंदासोबत, खालच्या सुरात, खूप सावकाश म्हणते. आता तो अंदाज राहत नाही. तिसरं कडवं कानाला हेडफोन लावून ऐका. ओळीच्या शेवटी ती श्वास किती उशिरा घेते ते बघा.

(हे गाणं जोनीच्याही आधी गायिका ज्यूडी कॉलिन्सने १९६७मध्ये गायलं होतं, तेही जरूर ऐका.)

जोनीच्या गिटारबद्दलही थोडं. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा डावा हात कमजोर राहिला, नेहमीचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) अवघड जायचे. म्हणून ती तारा वेगळ्या सुरांत लावायची. तिच्या चाली अनपेक्षित वळणं घेतात, त्याचं एक कारण हे आहे.