घनफळाचं सूत्र पाठ झालंय पण लेकरांना ते दिसंना गेलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी ते आठवीचं गणित माझ्याकडं. आठवीला पृष्ठफळ व घनफळ चालू आहे. इष्टिकाचितीचं (म्हणजे विटेसारख्या आकाराचं) घनफळ काय असं विचारलं की लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, आकडे दिले की उत्तर पण बरोबर आणतात. पण या उत्तरात आपण नेमकं मोजलं काय असं विचारलं की सगळा वर्ग गप.

म्हणून १ सेमीचे लाकडी ठोकळे काढले, ४ लांब, ३ रुंद, २ उंच अशी चिती रचली आणि म्हणलं सूत्र बाजूला ठेवा, यात ठोकळे किती ते सांगा. एका हुशार मुलीचं उत्तर ५२ आलं. तिला मोजून दाखव म्हणलं तर बोट समोरून फिरवलं, मग वरून, मग बाजूनं, आणि कोपऱ्यातल्या एकाच ठोकळ्यावर तिचं बोट तीनदा टेकलं. म्हणलं अगं हा एकच आहे ना, तर म्हणती, "मॅडम, पण तो तिन्हीकून दिसायलाय की." म्हणजे तिनं बाहेरचे चौकोन मोजले, ते पृष्ठफळ झालं, आणि तिच्या हिशोबानं ते बरोबरच आहे. दुसऱ्यानं फक्त दिसणाऱ्या तीन बाजूंचे चौकोन मोजून २६ सांगितले.

मग थर करून दाखवले, खालच्या थरात १२, असे २ थर, म्हणून २४. हातात ठोकळे आहेत तोवर सगळ्यांना पटतं, फळ्यावर चित्र काढलं की परत चौकोन मोजायलेत. आणि ठोकळे आहेत थोडे, सगळ्या गटांना पुरत नाहीत.

दुसरी अडचण एककाची. १ मीटर म्हणजे १०० सेमी, म्हणून १ घनमीटर (घमी) म्हणजे १०० घनसेंटिमीटर (घसेमी), हे इतकं पक्कं बसलंय की निघंना. १० लाख होतात म्हणलं की विश्वासच बसत नाही त्यांचा.

आणि एकानं विचारलंय की त्यांच्या शेततळ्याचं पण असंच काढायचं का, ३० × ३० × ३ मीटरचं आहे. घरचा प्रश्न घेऊन आलंय लेकरू, त्याला अर्धवट उत्तर द्यायचं नाही मला. ज्यांनी हे शिकवलंय त्यांनी प्लीज सांगा.

गोदाकाठ:
मॅडम, ठोकळे कमी आहेत ते चांगलंच आहे बघा. पुठ्ठ्याचा ४ × ३ × २ चा उघडा बॉक्स करा, प्रत्येक गटाला १३ ठोकळे पुरतात. १२ नी तळ भरायचा आणि उरलेला एक कोपऱ्यात वर ठेवायचा, मग विचारायचं पूर्ण भरायला किती लागतील. वरचा थर त्यांना मनातच रचावा लागतो, आणि चित्र बघताना नेमकं तेच अडतं. नंतर फक्त तीन कडांवर ठोकळे ठेवून विचारा, त्याला ७ च लागतात. सूत्र थोडे दिवस लिहूच देऊ नका, वहीत "एका थरात १२, असे २ थर" एवढंच लिहायचं.

त्या मुलीचं ५२ मात्र सोडू नका. २४ ठोकळ्यांची एकच लांब ओळ करायला लावा तिला, बाहेरचे चौकोन ९८ होतात आणि ठोकळे तेवढेच, २४. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे ती स्वतःच सांगेल. २४ च्या अशा एकूण ६ वेगवेगळ्या चिती होतात, सगळ्या शोधू द्या, पूर्ण तास त्यातच जातो पण तो तास वाया जात नाही.

तुराटी:
एककासाठी आम्ही वर्गातच १ घनमीटर बांधतो. १ मीटरच्या १२ तुराट्या, कोपऱ्यांना सुतळी, झालं. चार लेकरं आत बसतात. मग पुठ्ठ्याचा १० सेमीचा घन आत ठेवायचा, त्यात १ लीटर मावतं. लांबीला असे १०, रुंदीला १०, उंचीला १०, म्हणजे १००० लीटर. आणि त्या छोट्या घनात परत १००० घसेमी. १००० गुणिले १००० लेकरांनी स्वतः केलं की १० लाखावर विश्वास बसतो, आपण सांगून बसत नाही.

साईटवाला:
मी शिक्षक नाही, बांधकामाची कामं करतो, पण मॅडम लेकरांना ब्रास विचारा. गावात घरकुलाची कामं चालू असतील तर वाळू-मुरूम ब्रासवरच येतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब, ५ रुंद आणि २ फूट भरली की बरोबर १ ब्रास. टेप घेऊन उभी असलेली ट्रॉली मोजायला लावा, प्रत्येक ट्रॉली तेवढी भरतेच असं नाही, आणि हे कळणं घरच्यांच्या पण कामाचं आहे.

शेततळ्याचं म्हणाल तर सरळ गुणाकार केला की २७०० घमी येतात, पण तळ्याला ढाळ असतो. १ ला १ ढाळ धरला, म्हणजे १ मीटर खोल गेलं की प्रत्येक बाजू १ मीटर आत येते, तर वर ३० × ३० आणि तळाला २४ × २४ च राहतं. त्याचं भरतं २१९६ घमी, म्हणजे २१ लाख ९६ हजार लीटर. सूत्र मोठ्या वर्गातलं आहे, पण तुमचं थराचं आठवीला पण कळेल, इथं प्रत्येक थर वरच्यापेक्षा लहान होत जातो म्हणून एका थराला उंचीनं गुणून चालत नाही.

(धागाकर्ती):
सगळ्यांचे मनापासून आभार. शेततळ्याचं उत्तर उद्याच देते त्याला, आणि तळाचं माप घरी विचारून यायला सांगते. तुराट्या गावात पाहिजे तेवढ्या आहेत. गोदाकाठ सर, अजून एक सांगा, पुस्तकात पृष्ठफळ आणि घनफळ एकाच प्रकरणात लागोपाठ आहे, तुम्ही आधी घनफळ पक्कं करून मग पृष्ठफळ घेता का दोन्ही सोबत?