रिकाम्या पीसीवर प्रोसेसर ६३ डिग्री दाखवतोय, हीटसिंक मात्र गार

अकोला_एडिटर: लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्यासाठी सेकंडहँड पीसी घेतला. एएमडीचा रायझन ७ १७००एक्स प्रोसेसर, वर १२० मिमी फॅनचा टॉवर कूलर. खोलीत ३४ डिग्री आहे. काहीच चालू नसताना सॉफ्टवेअर ६३ दाखवतं, फॅन ओरडत असतो, पण हीटसिंकला (कूलरच्या धातूच्या पट्ट्यांना) हात लावला तर गार. रेंडर (अंतिम व्हिडिओ फाइल बनवणं) लावला की ९५ आणि स्पीड पडतो. सीझन तोंडावर आहे, प्रोसेसर गेला का?

पुणे_गेमर: थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता नेणारा लेप) बदल, दुसरं काय.

दुरुस्तीवाला_नागपूर: थांबा, आधी आकडा तपासू. रिकाम्या मशीनवर ६३ आणि हीटसिंक गार, हे ऐकूनच मला १७००एक्सचा २० डिग्रीचा ऑफसेट आठवला. हा प्रोसेसर २०१७ चा. एएमडीने १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्सच्या 'टीसीटीएल' (फॅन चालवायला वापरायचं तापमान) रीडिंगमध्ये मुद्दाम २० डिग्री वाढवून ठेवलेत. एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) सगळ्या प्रोसेसरना फॅनचं एकच गणित लागू व्हावं, हा त्यामागचा हेतू. मदरबोर्ड फॅन चालवतो तो या वाढीव आकड्यावर, म्हणून फॅन ओरडतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'टीडाय' ही वेगळी ओळ बघा. तेच खरं तापमान. तुमचे ६३ म्हणजे खरे ४३, आणि ३४ च्या खोलीत ४३ काहीच वाईट नाही.

रेंडरचे ९५ मात्र खरे ७५ धरले तरी या कूलरला शोभत नाहीत. तिथे काहीतरी आहे. रेंडर सुरू करा आणि टीडाय कसा चढतो ते बघा. दोन-तीन सेकंदांत उडी मारून वर गेला आणि हीटसिंकच्या पट्ट्या कोमटच राहिल्या, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये पोचतच नाहीये: पेस्ट वाळली, स्क्रू ढिला, नाहीतर तळाची प्लास्टिक फिल्म काढायची राहिली. पाच-दहा मिनिटं हळूहळू चढला आणि हीटसिंक चटके देऊ लागला, तर कूलर आपलं काम करतोय, गरम हवा बाहेर जात नाहीये. तुमच्या भागात कापसाचे तंतू हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये जाड थरासारखे बसतात, समोरून दिसतही नाहीत. फॅन काढून मागून बघा.

अकोला_एडिटर: टीडाय खरंच ४३! पण रेंडर लावताच लगेच ७० च्या वर, आणि पट्ट्या कोमट. म्हणजे पेस्टच ना? कूलर काढू का?

दुरुस्तीवाला_नागपूर: काढा, पण थंड मशीनवर सरळ वर ओढू नका, कळकळीने सांगतो. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट वाळलेली असली तर सॉकेटचं लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटला जातो, आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं रेंडर चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडा, कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचला. जुनी पेस्ट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे मिळतं. नवी पेस्ट मधोमध मटाराच्या दाण्याएवढी पुरे. स्क्रू तिरपे समोरासमोर, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी कसली तर पुन्हा तेच रडगाणं.

अकोला_एडिटर: झालं! एका कोपऱ्यात पेस्ट जवळपास नव्हतीच, उरलेली खडूसारखी भुगा झालेली. आता फुल रेंडरला टीडाय ६४, स्पीड पडत नाही. दादा, मनापासून आभार. फॅनचा आवाज कमी करता येईल?

दुरुस्तीवाला_नागपूर: बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरावा ते, बदला. ६५ पर्यंत फॅन सावकाश ठेवा, कारण तिथले ६५ म्हणजे खरे ४५. वरचं टोक मात्र तसंच राहू द्या, मे महिना यायचाय.

सातारकर: माझा नवा रायझन ७७००एक्स रेंडरला ९५ दाखवतो, मीही २० वजा करू?

दुरुस्तीवाला_नागपूर: नाही. तुमचे ९५ हे खरेच ९५ आहेत. हा प्रोसेसर फुल लोडला तिथपर्यंत जायलाच बनवला आहे. रिकामा असताना किती दाखवतो आणि कूलर कुठला, ते सांगा.