मदत हवी आहे: सब्र (संयम) कुठे संपतो आणि गप्प राहणं कुठे सुरू होतं?

अस्सलामु अलैकुम. कामाच्या ठिकाणी वाढीव बिलं लावली जातात आणि त्यातला वाटा सगळे घेतात. मी घेत नाही, खोट्या कागदावर सहीही करत नाही. वरिष्ठांशी दोनदा बोललो, पण उलट मलाच एकटं पाडलं गेलं. दुसरी नोकरी शोधतोय. घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालतं, त्यामुळे 'उद्याच सोडून दे' हा सल्ला सध्या जमणारा नाही.

पाच वेळची नमाज सुरू आहे, कुरआनातल्या सूरह बकरा या अध्यायातली १५३ वी आयत (सब्र आणि नमाजची मदत घ्या) रोज वाचतो. पण खरं सांगतो, मन कडवट होत चाललंय. फजरला (पहाटेच्या नमाजला) उभा असतानाही डोक्यात त्याच लोकांचा राग असतो. याचीच मला जास्त भीती वाटते.

सूरह अस्रमध्ये 'हक'ची (सत्याची) ताकीद आधी येते, मग सब्रची. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) वाईट गोष्ट हाताने, नाही तर जिभेने, नाही तर मनाने नाकारायला सांगितलंय आणि मनाने नाकारणं हे इमानचं (श्रद्धेचं) सर्वात कमकुवत रूप म्हटलंय. बोलून झालं, उपयोग झाला नाही, आता मी त्या शेवटच्या पायरीवर अडकलोय असं वाटतं.

मौलाना साहेबांना विचारलं, त्यांनी सब्र करायला सांगितलं, पण सविस्तर बोलणं झालं नाही.

ज्यांनी असे दिवस काढलेत किंवा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी सांगावं: नोकरी मिळेपर्यंत तिथेच राहून फक्त स्वतःला दूर ठेवणं हा सब्र आहे, की त्या गुन्ह्यातली भागीदारी? आणि नमाजमध्ये हा राग घेऊन जाऊ नये म्हणून तुम्ही नेमकं काय केलंत?