मदत हवी आहे : बास्केटबॉलमध्ये अंगावर बचाव आला की पास चुकतो

नमस्कार मंडळी, आम्ही साताऱ्याचे, शाहूपुरीत राहतो. मुलगी नववीत आहे, शाळेच्या संघात पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारी) खेळते. मोकळी असली की पास अगदी नेमका. पण समोरची जवळ येऊन हात पसरून उभी राहिली की गडबड होते. चेंडू डोक्यावर धरते, ज्या मुलीला द्यायचा तिच्याकडेच बघत राहते, आणि पास मध्येच कापला जातो. परवाच्या सामन्यात असं चारदा झालं. घरी येऊन जेवली नाही पोरगी.

मी स्वतः कबड्डीवाला, त्यामुळे वाचून-बघून शिकवतोय. बाउन्स पासचा (जमिनीवर आपटून दिलेल्या पासचा) टप्पा पास घेणाऱ्या खेळाडूपर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर पडावा, एवढं कळलं. भिंतीवर खडूने खूण करून रोज १०० चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी) करते. पण भिंत काही आडवी येत नाही ना! खरी अडचण तिथेच आहे. शिवाय बचाव अंगावर असताना चेंडू धरून उभं राहिल्यावर ५ सेकंदांच्या नियमाची धास्ती, तेवढ्यात चेंडू सोडावा लागतो.

जाणकारांनी सांगा : नजर एकीकडे आणि पास दुसरीकडे, हे कसं बसवायचं? पिव्होट (एक पाय जागेवर रोवून वळणं) आधी पक्का करू की डाव्या हाताचा पास? सरावाला ती, धाकटा भाऊ आणि मी, असे तिघंच. पावसात मैदान ओलं असतं, म्हणून पार्किंगमधल्या पंधरा-वीस फुटांत जमेल असं काही सुचवा. चेंडू ६ नंबरचाच (मुलींच्या मापाचा) आहे.