पेचकस चुंबक होतो तो कसा?

भाऊ, वर तुम्ही लिहिलं की चुंबकावर घासल्याने पेचकसात चुंबकत्व भरतं आणि भट्टीत उडून जातं. भरत काही नाही, ते आधीच आत असतं. लोखंडात छोटे छोटे प्रदेश असतात, त्यांना डोमेन म्हणतात. एका डोमेनमधल्या अणूंची तोंडं एकाच दिशेला, पण शेजारच्याची दिशा वेगळी, म्हणून बाहेर बेरीज जवळपास शून्य. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर वाइसने १९०७ मध्ये हे मांडलं.

चुंबक जवळ आला की सोयीच्या दिशेचे डोमेन मोठे होतात, धुरा सरकवत वावर वाढवणाऱ्या शेजाऱ्यासारखे (उदाहरणं गावोगाव आहेत!). मऊ लोखंडात दोन डोमेनमधली ही हद्द सहज सरकते, चुंबक काढला की बरीचशी परतते. पेचकसाच्या कडक पोलादात ती अडकून बसते, म्हणून स्क्रू चिकटत राहतो. सरकणंही सलग नसतं, धक्क्याधक्क्याने होतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बार्कहाउसेनने १९१९ मध्ये लोखंडाभोवती तारेचं वेटोळं गुंडाळून त्याचा खरखराट चक्क ऐकवला.

लोहाराच्या भट्टीत वखराची पास (लोखंडी पातं) ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेली की अणूंची एकजूटच मोडते, चुंबक चिकटत नाही. थंड झाल्यावर डोमेन पुन्हा बनतात, पण दिशा विस्कटलेल्या.

वाइंडिंगवाल्याकडे पंपाचा स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, बघा. सिलिकॉन पोलाद त्यात उगाच नाही वापरत: वीज सतत दिशा बदलते, म्हणून हद्दी सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे सरकून परत येतात, जितक्या अडखळतील तितकी मोटार तापते. स्टेटरच्या पत्त्या पातळ का, ते भोवरी प्रवाहांमुळे, म्हणजे पोलादातच गोल फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहांमुळे. तो वेगळा धागा होईल.