मदत हवी आहे : वेस्टर्न घोडेस्वारी शिकताना घोडीची पाठ दुखत असावी अशी शंका

नमस्कार. मी दादरला राहते, वय 41. मुंबईत घोडेस्वारी म्हटले की महालक्ष्मीचा रेसकोर्स आणि इंग्लिश खोगीर हेच डोळ्यांसमोर येते, आणि मीही दोन वर्षे इंग्लिश पद्धतीनेच शिकले. गेले चार महिने मात्र दर रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडून एका तबेल्यावर वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉयांची, पद्धत शिकायला जाते. मला दिलेली घोडी शर्यतीतून निवृत्त झालेली, 11 वर्षांची थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, आहे. स्वभावाने गरीब आहे, पण तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान मागे पाडते आणि शेपटी झटकते.

मागच्या रविवारी मोतद्दार दुसऱ्या घोड्यात गुंतले होते, म्हणून तास संपल्यावर खोगीर मी स्वतः उतरवले. घोडीची पाठ घामाने निथळत होती, पण खांद्याच्या हाडामागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढा एकेक भाग पूर्ण कोरडा राहिला होता आणि तिथले केस विस्कटलेले होते. डावा कोरडा भाग थोडा मोठा होता आणि त्यात पाच-सहा पांढरे केसही दिसले. तिथून खरारा फिरवताच तिने पाठ खाली दबवली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून मला चैन नाही.

माझ्या बैठकीत दोष आहेत, हे मी आधीच मान्य करते. चालीत मी ठीक असते, पण जॉग, म्हणजे वेस्टर्नमधली संथ दुडकी, सुरू झाली की मी खोगिरावर आपटते, मग आधारासाठी गुडघे आवळते, टाचा वर येतात आणि तोल सावरताना हातही वर जातो. लगाम एका हातात असतो आणि घोडीच्या तोंडात लांब दांड्यांची कर्ब बिट, म्हणजे लगामाला जोडलेला धातूचा तुकडा, असते. ही बिट तरफेसारखी चालते, त्यामुळे माझ्या हाताची एवढीशी ओढ तिच्या जबड्याखालच्या साखळीपर्यंत कितीतरी वाढून पोचत असणार. शिक्षक म्हणतात, सरावाने बसेल. बसेलही, पण माझा सराव होईपर्यंत तिने ते सोसावे, हे मला पटत नाही.

पाठीवरच्या खुणा खोगिरामुळे आहेत की माझ्या आपटण्यामुळे, हे कसे ओळखावे? माझे वजन 62 किलो आणि खोगीर अंदाजे 16 किलोचे आहे, हे तिला जास्त होते का? आणि जॉगमध्ये न आपटता बसण्यासाठी नेमके काय बदलावे? शिक्षकांचा मान ठेवून हा विषय कसा काढावा, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद

ताई, वजनाची चिंता करू नका. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. 2008 साली अमेरिकेत 8 घोड्यांवर 15, 20, 25 आणि 30 टक्के भार देऊन केलेल्या चाचणीतही स्नायू दुखण्याची लक्षणे 25 टक्क्यांपासून पुढे ठळक झाली होती. आपली घोडी 450 किलोची धरली, तर तिची मर्यादा 90 किलो येते आणि आपण 78 वर आहात.

खरा प्रश्न खोगिराचा दिसतो. मात्र कोरड्या डागाचे दोन अर्थ होतात, हे ध्यानात घ्यावे. एक, तिथे इतका दाब आहे की घाम सुटायलाच वाव मिळत नाही. दुसरा, तिथे खोगीर टेकतच नाही आणि हवा खेळते. विस्कटलेले केस, दाबल्यावर पाठ खाली जाणे आणि विशेषतः पांढरे केस या तिन्ही गोष्टी पहिल्या अर्थाकडे बोट दाखवतात. पांढरे केस ही जुन्या इजेची खूण असते, म्हणजे हे आपल्या चार महिन्यांच्या आधीचेही असू शकते.

खात्री करण्यासाठी ब्लँकेट न घालता नुसते खोगीर ठेवून पाहावे. आधी ते थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे ते आपसूक आपल्या जागी बसते. आतल्या सांगाड्याच्या पट्ट्या खांद्याच्या हाडामागे राहिल्या पाहिजेत, मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची मोकळी जागा हवी आणि खोगिराची मागची कड शेवटच्या बरगडीपलीकडे भार टाकणारी नसावी. मग पुढच्या बाजूने पट्टीखाली तळहात सपाट घालून वरून खाली न्यावा. हात जिथे चेमटेल, तिथे घोडीही चेमटते. बरीच वेस्टर्न खोगिरे क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीच्या रुंद, गोल पाठीच्या मापाने बनतात. थरोब्रेडची पाठ अरुंद आणि उंचवटा वर आलेला असतो, त्यामुळे मापाची गफलत सहज होते. जाड पॅड घालून ती मिटत नाही. घट्ट जोड्यात दुहेरी मोजे घातल्यासारखे होते.

एवढे झाले तरी पशुवैद्यांना दाखवल्याशिवाय राहू नये. तंग आवळताना चिडण्यामागे पोटातला अल्सरही असू शकतो आणि शर्यतीच्या घोड्यांत तो फार आढळतो. तंग एका दमात आवळू नये. थोडा आवळून चार पावले चालवावे, मग पुन्हा आवळावा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. बैठकीबद्दल थोडे लिहितो. आपण रोज लोकलमध्ये उभ्या राहत असाल, तर गाडी रुळ बदलताना दांडी न धरता तोल कसा सांभाळता, ते आठवा. आपण गुडघे ताठ करत नाही. घोटे, गुडघे आणि कंबर तो धक्का वाटून घेतात. जॉगमध्येही तेच करायचे असते. गुडघा आवळला की तोच खुंटा होतो आणि शरीर त्याच्यावरून वर फेकले जाते. मांड्या सैल लोंबू द्याव्यात, कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत ठेवावे आणि श्वास मोजून सोडावा, कारण श्वास रोखला की कंबर आपोआप ताठरते.

शिक्षकांकडे चार तास लंजवर, म्हणजे त्यांच्या हातातल्या लांब दोरीवर, लगाम न धरता मागून घ्यावेत. त्यात चूक काढण्याचा सूर येत नाही आणि आपला तोल जमेपर्यंत घोडीचे तोंड सुरक्षित राहते. तोवर साधी, तरफ नसलेली स्नॅफल बिट आणि दोन हातांत लगाम ठेवावा. वेस्टर्नमध्ये हे मुळीच कमीपणाचे नाही, कोवळे घोडेही त्यातच तयार होतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सांगितल्याप्रमाणे पाहिले. पट्टीखाली माझा तळहात उंचवट्यापासून चार बोटे खाली जाऊन अडकला आणि डावीकडे तर बोटांची पेरे पांढरी पडली. मी शिक्षकांना दुसरे काहीच न बोलता त्यांनाही हात घालून पाहण्याची विनंती केली. त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या, थोडा वेळ गप्प राहिले आणि खोगीर उचलून बाजूला ठेवले. पशुवैद्य गुरुवारी येणार आहेत, तोवर घोडीला सुटी आहे. पुढच्या रविवारपासून मला दुसऱ्या घोड्यावर लंजचे तास मिळतील.

एक शंका उरते. डावीकडचा दाब जास्त का असावा?

प्रतिसाद

बरेच शिकाऊ स्वार जमिनीवरून डाव्या रिकिबीत पूर्ण भार टाकून चढतात, त्यामुळे खोगीर दर वेळी डावीकडे ओढले जाते. लाकडी पायरी घेऊन चढा आणि वेस्टर्न रिकिबीचे रुंद चामडी पट्टे दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे आहेत का, ते टेपने मोजून पाहा. डावा पट्टा बहुधा ताणून लांब झालेला निघेल.