स्विफ्टवर स्लिक टाकले, आता कोपऱ्यात नाक बाहेर जातंय, सस्पेन्शन कसं जुळवायचं?

उद्यमनगर_०५
नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल, फक्त ट्रॅकसाठी. मागची सीट, कार्पेट, एसी सगळं काढलंय, रोलकेज आहे, मी आत बसून अर्ध्या टाकीला वजनकाट्यावर ९८० किलो भरली आणि त्यातलं साधारण ६२ टक्के पुढं. दोन वर्षं रोडचे टायर लावून चालवली, लय समाधानी होतो. पुढं स्प्रिंग ३ किलो प्रति मिमी, गाडी ४५ मिमी खाली बसवलेली, कॅम्बर (चाकाचा आत झुकलेला कोन) उणे दीड अंश.

गेल्या महिन्यात एका मित्राकडून वापरलेले रेडियल स्लिक (खाचा नसलेले रेसचे टायर) घेतले आणि कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर नेले. ब्रेकिंग तर विचारूच नका, पहिल्यांदा वाटलं गाडीच बदलली. पण लांब कोपऱ्यात पहिलं वळण छान घेते आणि मधेच नाक बाहेर जायला लागतं, स्टेअरिंग अजून फिरवलं तरी काही फरक नाही, आणि तिथं घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू फटकन सुटते. सेशन संपल्यावर पुढचे टायर बघितले तर बाहेरचा खांदा खवणीनं किसल्यासारखा आणि आतली बाजू जशीच्या तशी, हात फिरवला तर गुळगुळीत.

इथला दुकानदार म्हणतोय पुढं १० किलोची स्प्रिंग टाक आणि मागं जाड बार (कलंडणं रोखणारा अँटी-रोल बार) लाव, सगळं सुटेल. खर्च बराच आहे म्हणून आधी इथं विचारतोय. स्लिकला खरंच एवढी कडक स्प्रिंग लागते का?

कोथरूड_अपेक्स
भावा, स्प्रिंगचे पैसे देण्याआधी दहा रुपयांचं काम कर. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय आवळून बांध आणि खाली सरकवून शॉकअपच्या नळीला टेकव, मग तीन लॅप मार, पिटमध्ये ये आणि तो टाय कुठं जाऊन बसलाय ते बघ. माझा अंदाज आहे की तो थेट बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे दांड्यावरच्या रबरी ठोकळ्यापर्यंत, गेलेला असणार. मी कॉलेजात चार वर्षं फॉर्म्युला स्टुडंटची गाडी बनवली, आमची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा पण करीलाच असायची, आणि गाडी वळत नाही म्हणून रडणाऱ्या निम्म्या टीमची गाडी कोपऱ्यात बंप स्टॉपवर बसलेली असायची.

होतं काय, रोडच्या टायरवर तू कोपऱ्यात समजा ०.९५ जी (बाजूचा जोर, गाडीच्या वजनाच्या पटीत) काढत होतास, स्लिकवर १.२५ जी निघतात. म्हणजे बाजूचा जोर जवळपास तीस टक्के वाढला, आणि स्प्रिंग तीच असेल तर गाडी पण तेवढीच जास्त कलंडणार, आधी ४ अंश झुकत होती ती आता सव्वापाच. बाहेरच्या चाकाचा शॉकअप तळाला गेला की त्या कोपऱ्यापुरती तुझी स्प्रिंग ३ किलोची राहत नाही, रबराचा ठोकळाच स्प्रिंग होतो, सगळा भार एकदम त्या एकाच टायरवर येतो आणि तो घसरतो. तुझं "मधेच नाक बाहेर जातं" हे तेच आहे. टायर नाही कमी पडला, प्रवास संपला.

दुसरी गोष्ट ४५ मिमीची. मॅकफर्सनमध्ये (तुझ्या पुढच्या सस्पेन्शनची रचना) गाडी खाली बसवली की चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आडवा राहत नाही, त्याचं चाकाकडचं टोक वर जातं. मग रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो, गाडी जितकी खाली आली त्याहून जास्त खाली जातं, म्हणजे वजनाचं केंद्र आणि रोल सेंटर यातलं अंतर उलट वाढतं आणि गाडी खाली असूनही जास्त कलंडते. शिवाय चाक वर गेलं की कॅम्बर मिळायला हवा तो मिळत नाही, उलट जातो, त्यामुळं खांदा किसला जातो. म्हणून आधी गाडी पुढून २० मिमी वर घे. दिसायला बरं वाटणार नाही पण ट्रॅकवर फरक जाणवेल.

आता स्प्रिंगचा हिशोब. पुढच्या एका चाकावर तुझे ३०० किलो, त्यातले चाक, हब, ब्रेकचे ३० वजा कर, राहिले २७०. आत्ता ३ किलोच्या स्प्रिंगवर पुढची बाजू साधारण १.६ हर्ट्झला (सेकंदाला १.६ वेळा) हलते, हे रोडच्या स्पोर्टी गाडीसारखं झालं. बिगर एरो (हवेनं खाली दाबणारे पंख नसलेल्या), स्लिकवाल्या छोट्या गाडीला २.२ ते २.६ मध्ये ठेवलेलं चांगलं चालतं. २.४ धरलं तर चाकापाशी ६१ न्यूटन प्रति मिमी लागतात, मॅकफर्सनमध्ये चाक आणि स्प्रिंग जवळपास बरोबरीनं हलतात, म्हणजे स्प्रिंग ७ किलोची झाली. दुकानदाराची १० किलोची घेतलीस तर २.९ हर्ट्झ, ती गुळगुळीत ट्रॅकवर कदाचित चालेल पण कर्बवर (ट्रॅकच्या काठावरचा उंचवटा) चाक उडणार आणि स्लिक हवेत असला की त्याचा उपयोग शून्य.

एक अजून, स्प्रिंग ३ वरून ७ ला नेलीस तर डॅम्पिंग (शॉकअपची उसळी रोखायची ताकद) पण साधारण दीडपट लागतं. जुनेच शॉकअप ठेवले तर गाडी नाचेल आणि तुला वाटेल स्प्रिंग चुकली.

लेस्टरचा_विन्या
वरचं सगळं पटलं. मी इकडं लेस्टरशायरमध्ये असतो, मॅलरी पार्कला नेहमी जातो, तिथला जेरार्ड्स हा कोपरा इतका लांब आहे की सस्पेन्शनमधली प्रत्येक खोट बाहेर काढतो. माझी पण पुढच्या चाकांनी ओढणारी हॅचबॅक आहे, म्हणून दोन गोष्टी कळकळीनं सांगतो.

पहिली हवेची. तू थंड टायरमध्ये किती भरलीस ते लिहिलं नाहीस. रोडच्या सवयीनं ३०-३२ भरली असशील तर ती चूक सुधार, गरम झाल्यावर ती ६ ते ८ पीएसआय वाढते आणि टायरचा मध्य फुगून बसतो. एवढ्या हलक्या गाडीला गरम असताना २६ च्या आसपास येईल असं बघ, म्हणजे थंड १९-२० पासून सुरू कर आणि पिटमध्ये आल्या आल्या मोज. आणि टायरचं तापमान मोजायला इन्फ्रारेडचं पिस्तूल वापरू नको, ते फक्त वरची कातडी बघतं आणि ती ब्रेक मारून पिटलेनमध्ये येईपर्यंत गार होते. सुईवाला प्रोब घे, रबरात दोन मिमी खुपसून आत, मध्ये, बाहेर अशी तीन मापं घे. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश गरम असेल तर कॅम्बर बरोबर आहे. तुझा तर उलटा निघणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मागं जाड बार लावू नको, निदान आत्ता नको. आपल्या गाड्यांमध्ये मागचे टायर ना ओढतात ना फारसं ब्रेकिंग करतात, त्यामुळं पुढचे दोन लॅपमध्ये तापतात आणि मागच्यांना चार-पाच लागतात. थंड स्लिकला पकड नसतेच म्हटलं तरी चालेल. मागून कडक केलेली गाडी गरम टायरवर सुंदर वळते पण दुसऱ्या लॅपला तीच गाडी तुला भिंतीकडं तोंड करून उभी करेल. मी एकदा असाच दुसऱ्या लॅपला उलटा फिरलो होतो, नशीब गवत मोकळं होतं. तुझी मागची बाजू सुटते ती पुढचा भार बंप स्टॉपवर अडकल्यामुळं, पुढचं नीट कर मग मागचं बघ.

घाटरस्ता
एवढं कशाला, कॅम्बर उणे चार करा, कॅम्बर प्लेट घ्या, झालं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तेच केलंय.

कोथरूड_अपेक्स
@घाटरस्ता दादा, रेडियल स्लिकला कॅम्बर लागतो हे खरंच, उणे तीनच्या आसपास जायला लागेलच. पण कलंडणं कमी न करता चार दिला तर सरळ ब्रेक मारताना टायर आतल्या काठावर उभा राहतो आणि चाक लॉक होतं, म्हणजे त्याला सगळ्यात आवडलेलं ब्रेकिंगच जाईल. आणि क्रॉसप्लाय (तिरक्या थरांचे) स्लिक असते तर उणे दीड-दोनच्या वर जाऊच नये. आधी झुकाव आवर, उरलेलं कॅम्बरनं भर. कॅम्बर हलवला की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) पण हलतो, तो परत बघायचा.

@उद्यमनगर_०५ तुझं नाव बघून (उद्यमनगर म्हणजे लेथ-कारखाने आलेच) भीती वाटली म्हणून सांगतो, रोल सेंटर सुधारायला बॉल जॉइंटचा (लोअर आर्म चाकाला जोडतो तो) पिन लेथवर लांब करून घ्यायचा विचार असेल तर करू नको. तो पिन तुटला की चाक आडवं होतं. बनवलेला, तपासलेला भाग मिळत असेल तरच, नाहीतर गाडी वर घे.

लेस्टरचा_विन्या
अजून एक, इंजिन ऑइल. लांब कोपऱ्यात सव्वा जीला तेल संपच्या (इंजिनखालचं तेलाचं भांडं) एका बाजूला चढतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. ऑइल प्रेशरचा दिवा कोपऱ्यात लुकलुकला का कधी? बॅफल (संपमध्ये तेल अडवणारा पत्रा) बसेपर्यंत लेव्हल वरच्या खुणेला ठेव. पुढच्या व्हील बेअरिंगचा आवाज पण दर सेशनला ऐकत जा, स्लिकवर ती लवकर जातात.

उद्यमनगर_०५
मंडळी, परत करीला जाऊन आलो. उशीर झाला सांगायला, पण आकडे घेऊन आलोय.

सकाळच्या सेशनला काहीच बदललं नाही, फक्त केबल टाय बांधला. तिसऱ्या लॅपला आत आलो, चाक काढलं, टाय बंप स्टॉपच्या रबरात रुतून बसलेला, रबरावर पांढरी रेघ उठलेली. प्रोबनं मापलं तर आतून ७१, मध्ये ८४, बाहेर ९६. अपेक्स भावा, बघताक्षणी तुझं पटलं. दिवा पण लुकलुकला होता एकदा, आधी लक्षच दिलं नव्हतं.

स्प्रिंग आणि शॉकअप सोबत नेलेच होते. दुपारी पुढं ७ किलो टाकली, त्याला जुळणारे शॉकअप, गाडी २० मिमी वर घेतली, कॅम्बर उणे २.८, टो दोरी बांधून शून्य केला. मागं हातच लावला नाही. थंड हवा २०, गरम २६.५. आता टाय बंप स्टॉपच्या १४ मिमी आधी थांबतोय आणि आतून ९१, मध्ये ८७, बाहेर ८४ आलं. लांब कोपऱ्यात नाक जिथं धरलंय तिथंच राहतं, स्टेअरिंग हलकं वाटतं, मध्येच अॅक्सिलरेटर कमी केला तर मागची बाजू हळू येते आणि पकडता येते. सकाळपेक्षा दीड सेकंद कमी, आणि त्यातलं बरंच त्या एका कोपऱ्यातलं. विन्या दादा, पहिले तीन लॅप तुमचं ऐकून सावकाश गेलो आणि बरंच झालं, मागचे टायर तिसऱ्या लॅपला ५२ होते, सहाव्याला ६४.

बॅफल उद्यमनगरातच बनवायला टाकलाय, बॉल जॉइंटला कोणी हात लावणार नाही, शब्द. पुढच्या खेपेला मागची हवा एक पीएसआयनं खाली-वर करून ते टायर लवकर तापतात का बघणार, मापं इथंच टाकतो.